नव्या यंत्राचं सोनं

कुराबिन कॅम्प,
९ जून १९९६

प्रिय रॉस,

तुझं पत्र शुक्रवारच्या टपालगाडीने मिळालं. जॅनीनला सकाळी फार मळमळतं म्हणून लिहिलंस. तिला म्हणावं, डोळे उघडले की अंथरुणातच एक कोरडं बिस्कीट खा, मगच पाय जमिनीला लाव. तुझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी अख्खा उन्हाळा बादली काखेत मारून हिंडत होते.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडी यंदा लवकर आली, जून लागताच. सकाळी तोंड धुवायच्या तसराळ्यात पाण्यावर बर्फाची साय असते, आणि दुपारी ऊन तापलं की माश्या हजर. म्हणजे सगळं नेहमीसारखंच. मटण संपलंय, डब्यातलं खारवलेलं गोमांस चाललंय. पीचचे डबे मात्र भरपूर आहेत, त्यामुळे तुझ्या बाबांची तक्रार नाही.

मोठी बातमी अशी की बाबांनी सोनं शोधायचं नवं यंत्र घेतलं. जुन्या डिटेक्टरने म्हणे दगा दिला. गेल्या हिवाळ्यात त्याच्यावर सोन्याचे दोनच खडे मिळाले, तेही गव्हाच्या दाण्याएवढे. काल्गुर्लीच्या दुकानदाराने सांगितलं की या नव्याला जुन्याच्या दुप्पट खोलीवरचं कळतं, आणि लोकांनी विंचरून टाकलेल्या जमिनीतूनच आता पुन्हा सोनं निघतंय. मग काय, झालं. पाठीवर बॅटरी, कानावर हेडफोन, हातातल्या दांड्याला ताटाएवढी चकती. आन्ते तुला आठवतोय ना, ओढ्यापलीकडे तंबू असलेला, लसणाचा वास मारणारा, डाल्मेशियाहून इथे आलेला म्हातारा? तो बघायला आला आणि म्हणाला, "क्लेम, चंद्रावर निघालास का?" बाबा काही बोललेच नाहीत. आन्तेची चेष्टा ते कधी अशी फुकट सोडत नाहीत, पण यंत्रात गुंग होते.

चाचणी आपल्या रिवाजाप्रमाणे घेतली. तू जन्मलास त्या वर्षीचा तो चपटा खडा आपण चाचणीसाठी राखलाय, तोच मी कोपरभर खोल पुरला, माती दाबली आणि बाजूला झाले. बाबांनी चकती त्याच्यावरून नेली. पुन्हा नेली. चांगला वेळ लागला, कारण वारा होता, आणि इथल्या मातीत लोहदगड किती आहे, त्याने यंत्र कसं चकतं, ते तुला माहीतच आहे. यंत्राची घुमही सारखी बदलत होती. पण शेवटी जमलं. नव्या वस्तूचा हात बसायला वेळ लागतोच.

आवाजाची खुंटी त्यांनी शेवटपर्यंत फिरवून ठेवलीय. दुकानदाराने तसंच सांगितलंय म्हणे. मला हेडफोनबाहेरही तो कर्कश आवाज येतो, मी चुलीपाशी असले तरी. संध्याकाळी माहितीपुस्तक घेऊन बसतात ते इतके बुडून जातात की परवा शेजारी केटली शिट्टी मारत होती, मीच धावत येऊन उतरवली.

तुझं पत्र त्यांनी वाचलं. मी वाचून दाखवते म्हटलं तर नको म्हणाले, आणि मी लाकडं आणायला गेले तेव्हा चष्मा लावून वाचत बसले होते. तीन वर्षं झाली, पण तू जाताना झालेलं भांडण त्यांच्या मनातून गेलेलं नाही. "तुला या धंद्याचा कान नाही" असं त्यांनी तुला म्हणायला नको होतं. त्यांना ते कळतं. बोलायला जमत नाही, इतकंच.

हमरस्त्यावरच्या रोडहाउसवर फोन करून त्यांच्याशी बोलायचं म्हणतोस, तर एवढ्यात नको. तिथली लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाही. पत्रच लिही.

जॅनीनला माझे आशीर्वाद. बिस्किटाचं विसरू नका.

तुझी,
आई


कुराबिन कॅम्प,
१७ जुलै १९९६

प्रिय रॉस,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आनंद झालाच, पण काळजीही.

बाबांनी मला न सांगता रोडहाउसवर जाऊन तुला फोन केला हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. टायर घ्यायला जातो म्हणून गेले होते. तू लिहितोस की ते नुसते ओरडत होते, "सोनं लागलंय, ये, दोघं मिळून काढू," आणि तुला एक शब्द बोलू दिला नाही, बोललास त्याचंही उत्तर दिलं नाही. अरे, खूष होते ना. आणि लाइनचं मी तुला लिहिलंच होतं.

हो, सोनं सापडतंय. नव्या यंत्राने जादू केली असं बाबा म्हणतात. पहिला खडा मक्याच्या दाण्याएवढा होता. त्या दिवशी त्यांनी मला कमरेला धरून उचललं, या वयात. मग आणखी मिळत गेले. प्रत्येक जागी त्यांनी काठी ठोकून लाल चिंधी बांधलीय, त्यांची जुनी पद्धत. आता तंबूपाशी उभं राहिलं की चिंध्यांची एक ओळच दिसते, जरा वाकडीतिकडी होत लोहदगडाच्या टेकाडापर्यंत गेलेली. ती ओळ बघून बाबांना झोप लागत नाही. त्यांचं म्हणणं, सोनं एका रेषेत सापडतं म्हणजे ते वरून ओघळत आलंय, आणि रेषेच्या टोकाला टेकाडाखाली त्याची मूळ शीर असणार. आयुष्यभर लोकांच्या शिरा बघितल्या, ही माझी, म्हणाले. मीही रोज त्याच बाजूला लाकडं आणायला जाते, माझ्या तर कधी काही नजरेस पडलं नाही. पण मला काय कळतं?

त्यांनी चारही कोपऱ्यांना खुंट ठोकून जागा नावावर करून घेतलीय. अर्जात तुझंही नाव घातलंय. टेकाडाच्या पायथ्याशी खड्डा सुरू केलाय आणि त्याच्यावर रहाट बसवलाय. ते खाली खणतात, मी वर बादली ओढते. म्हणतात, रॉस आला की तुझी सुटका.

आता मी काय सांगते ते नीट ऐक. नोकरी सोडून येतो असं लिहिलंस, पण साहेबांना अजून सांगू नकोस. इथे पाणी किती लांबून आणावं लागतं तुला माहीत आहे. जॅनीनला दिवस गेलेले, आणि इथून दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. एस्परन्सला तुला धान्याच्या कोठारांवर पक्की नोकरी आहे, राहायला घर आहे, समुद्राची हवा आहे. सोनं काय, आज आहे आणि उद्या नाही. हंगामभर थांब. पुढच्या वर्षी बघू.

तू म्हणशील, आई नेहमी म्हणायची या बापलेकांना एकदा एका जागी आणा, आणि आता बाप हाक मारतोय तर हीच नको म्हणते. तसं नाही रे. मला तू यायला हवाच आहेस.

आमचा गॅसवरचा फ्रीज बिघडला. आन्ते दुरुस्तीला घेऊन गेलाय. थंडीच आहे, अडत नाही. लोणी बाहेरच राहतं.

बाबा खोकतात थोडं, धुळीने. बाकी पूर्वीसारखे झालेत. जेवतात, शीळ घालतात, माझ्या पावाला नावं ठेवतात. जूनमध्ये तू त्यांना बघितलं नाहीस हे बरंच झालं. ते जाऊ दे.

थांब म्हटलंय ते लक्षात ठेव.

तुझी,
आई


कुराबिन कॅम्प,
२८ ऑगस्ट १९९६

रॉस,

हे पत्र आधी एकट्याने वाच. जॅनीनला काय सांगायचं ते मग ठरव.

तू नोकरीची नोटीस दिलीस आणि दोन आठवड्यांनी सामान गाडीत घालून निघणार असं लिहिलंस. मी थांब म्हटलं होतं. पण मी तुला थांबण्याचं खरं कारण सांगितलंच नाही, तर तू का म्हणून थांबशील? उद्या टपालगाडी जाईल. तिच्याबरोबर हे गेलंच पाहिजे.

तुझ्या बाबांना ऐकू येत नाही. थोडं कमी येतं असं नाही, फारच गेलंय. गेल्या हिवाळ्यापासून असणार. यंत्राची ती बारीक घुम आणि तिच्यात सोन्यापाशी येणारा तो हलका चढ, ज्याच्यावर आपण सगळं आयुष्य काढलं, तो त्यांना येतच नाही. जुन्या यंत्राने दगा दिलेला नव्हता.

चाचणीचं मी तुला खोटं लिहिलं. पुरलेल्या खड्यावरून त्यांनी चकती नेली तेव्हा मी बाजूला उभी होते आणि मला हेडफोनबाहेरून यंत्र ओरडताना ऐकू येत होतं. त्यांनी तिथून चकती किती वेळा फिरवली ते मी मोजलं नाही. शेवटी म्हणाले, यंत्र खोटं आहे. दुसऱ्याच दिवशी ते घेऊन काल्गुर्लीला गेले. दुकानदाराने त्यांच्यासमोर ते लावून दाखवलं, चांगलं चाललं, आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला की आजोबा, यंत्र नव्हे, कान तपासून घ्या. हे मला बाबांनी सांगितलं नाही. आन्तेचा भाचा तिथे होता, त्याने सांगितलं.

परत आले ते गादीवर कनातीकडे तोंड करून पडले. जेवेनात. मी बोलले तरी ऐकू आलं नाही म्हणून उत्तर देत नाहीत की द्यायचंच नाही म्हणून, ते मला कळेना. एका सकाळी अंथरूण झटकताना गादीखाली बंदूक सापडली, पुसलेली, भरलेली. मी ती पोत्यात गुंडाळून आन्तेकडे ठेवायला दिली. बाबांनी ती कुठे गेली हे विचारलं नाही, आणि मला त्या न विचारण्याचीच जास्त भीती वाटली.

मग मी त्यांना उठवलं. म्हटलं, एकदा तरी नव्या यंत्राला संधी दे. ते निघाले. कमरेला साखळी बांधून नेहमीप्रमाणे ओढत चालले, म्हणजे कुठली जमीन झाली ते मातीतल्या रेघेवरून कळावं. दुपारी ते झोपल्यावर मी जुनं यंत्र घेऊन त्यांच्याच रेघांवरून मागे गेले. तिसऱ्या रेघेत मला आवाज आला. वीतभर खोल, मक्याच्या दाण्याएवढा खडा. जुन्या यंत्राला, माझ्या साध्या कानांना तो कळला. ते त्याच्यावरून नवं यंत्र घेऊन गेले होते.

मी तो वर काढला, हातात धरून बसले, आणि पुन्हा ठेवला. जिथे होता तिथेच, पण बोटभर खोलीवर, म्हणजे यंत्र असं किंचाळेल की दगडालाही ऐकू जावं. वरून माती सारखी केली, पाला टाकला. संध्याकाळी म्हटलं, त्या बाजूने एकदा उलटं फिरून बघ.

त्यांनी मला उचललं ते त्या दिवशी.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. तो खडा तरी इथलाच होता. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि रिकाम्या हाताने आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि जेवताना ताटाकडे बघत बसले. रेघांमागे मी रोज हिंडले. दुसरं काही नव्हतं. मग मी आन्तेकडे गेले. आपले खडे वापरणं शक्य नव्हतं, बाबा त्यातला एकेक डोळे मिटून ओळखतात. आन्तेला म्हटलं, सुनेला बाळंतपणात काही द्यायचंय, तुझ्याकडचे थोडे खडे दे, बदल्यात आमचा फ्रीज ने. फ्रीज बिघडलेला नाही, रॉस. तो आन्तेच्या तंबूत आहे आणि चांगला चालतो.

सोनं पेरणं, रिकाम्या जमिनीत सोनं पुरून दुसऱ्याला फसवणं, म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आपल्याकडे चोराशीही माणसं कधीतरी पुन्हा बोलतात. सोनं पेरणाऱ्याला माझ्या वडिलांच्या काळात दुकानदार पीठ देत नसे, आणि माझे वडील त्या दुकानदाराला शाबास म्हणत. मी त्यांची मुलगी. लाकडं आणायला जाताना एप्रनच्या खिशात आन्तेचे खडे घेऊन जात होते आणि जाता जाता पेरत होते.

आणि इथेच माझी अक्कल कमी पडली. मी पेरले ते माझ्या वाटेवर. तंबूपासून लाकडांपर्यंत, टेकाडाच्या कडेने, माझी रोजची पायवाट. दुसरीकडे गेले असते तर त्यांना संशय आला असता, एवढाच विचार केला होता. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढून मला हे सुचू नये, की तो नुसते खडे गोळा करणार नाही, त्यांची दिशा वाचेल. मी चालले ती वाट त्यांनी सोन्याची वाट म्हणून वाचली. मी लाकडं तोडते त्या टेकाडाखाली त्यांना आयुष्यभराची शीर दिसली.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी दर सकाळी ठरवायचे. मग ते शीळ घालत कुदळीला धार लावताना दिसायचे.

मागच्या आठवड्यात आन्ते आला. बाबांनी मोठ्या ऐटीत काचेची बरणी त्याच्यासमोर ओतली. आन्तेने खडे बोटाने इकडेतिकडे केले, एक उचलून उजेडात धरला, परत ठेवला आणि बाबांची पाठ थोपटली. चहा प्यायला. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा तो म्हणाला, "डल्सी, माझी पोरं मी ओळखली." मी गाडीचं दार धरलं. तो म्हणाला, "मी तोंड उघडणार नाही. पण क्लेम खाली कुठवर जाईल? त्या खड्ड्याला तळ कुठे असणार, तूच सांग."

फ्रीज परत देऊ का, असंही त्याने विचारलं. मी नको म्हटलं. तो परत आला असता तर बाबांना काय सांगायचं?

परवा दगड पडला. खड्डा आता दोन पुरुष खोल आहे. मी भरलेली बादली वर घेत होते आणि काठावरचा एक धोंडा माझ्या पायाने सुटला. मी ओरडले. खाली माणूस असला की वरून ओरडायचं आणि त्याने भिंतीला चिकटायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही येतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, रॉस. ते तसेच वाकून खणत राहिले. धोंडा खांद्याला लागला. डोक्याला लागला असता. वर आले तेव्हा रागावले माझ्यावर, "हाक मारायला काय झालं होतं तुला?"

काल सकाळी मी त्यांना उलट्या बादलीवर बसवलं, खांद्याची पट्टी बदलली, आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांना माझे ओठ दिसतील असं केलं. म्हटलं, "क्लेम, ते सोनं मी पेरलं."

ते बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून.

"कुठलं?"

"ते सगळं. आन्तेचं आहे. फ्रीज देऊन आणलं."

त्यांनी माझे हात काढले नाहीत. म्हणाले, "पहिला पण?"

मला वाटलं, हा एक तरी मला त्यांना परत देता येईल. मी घाईघाईने मान हलवली. "नाही, पहिला नाही. तो खरा. इथलाच. तुझ्याच रेघेत होता, मी फक्त वर आणून ठेवला."

"म्हणजे मी त्याच्यावरून चालत गेलो," ते म्हणाले.

मला तेव्हा कळलं की पेरलेलं सगळं त्यांनी मला माफ केलं असतं. तो एक खरा खडा मी त्यांना सांगायला नको होता. माझ्यासमोर त्यांचा चेहरा म्हातारा झाला. मी काहीतरी बोलत होते, ते माझ्या ओठांकडे बघत नव्हते, चिंध्यांकडे बघत होते. टेकाडापर्यंत सगळ्या चिंध्या पाहून झाल्यावर म्हणाले, "रॉसला सांगू नकोस."

मी म्हटलं, "तो नोकरी सोडतोय. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, क्लेम."

ऐकलं की नाही, देव जाणे. "येऊ दे त्याला," ते म्हणाले. "एकदा येऊ दे." मग दुखऱ्या खांद्याने दोर धरला आणि खाली उतरले.

काल दिवसभर खणत होते, आज पहाटेपासून पुन्हा. खाली काही नाही हे आता त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. मी रहाटाशेजारी बसून हे लिहितेय आणि खालून कुदळीचे घाव येतायत, एकसारखे. बादल्या येतात त्यात नुसता तांबडा मुरूम. माझ्याशी बोलत नाहीत, रागाने नाही, बोलायचं काही राहिलं नाही म्हणून. तू येईपर्यंत खड्डा तयार दिसावा, बाप काहीतरी करताना दिसावा, एवढंच त्यांच्या मनात आहे असं मला वाटतं. आणि तेवढंही मी आता त्यांच्याकडून काढून घेतेय, कारण तुझं पोर जन्माला यायचंय आणि त्याला घर हवं.

त्यांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. मागितलं ते मी दुसऱ्या दिवशी मोडलं. जून महिन्यात मी त्यांना वाचवायला म्हणून जे केलं, त्याने त्यांचं काही शिल्लक ठेवलं नाही. मला आता काय करायचं ते सुचत नाही, रॉस. बंदूक आन्तेकडेच आहे. पण खड्डा इथे आहे.

साहेबांच्या पाया पड, नोटीस मागे घे. सामान बांधलं असेल तर सोड. शिरेसाठी येऊ नकोस, तुझ्या नावाच्या अर्जासाठी येऊ नकोस, नव्या यंत्राने लागलेल्या सोन्यासाठी तर मुळीच नको. इथे एकच खडा होता. बाकी मी आहे, आणि तुझे बाबा खाली आहेत, आणि मी कितीही हाका मारल्या तरी त्यांना ऐकू जाणार नाहीत.

तुझी,
आई